तार कुणाची, गिऱ्हाईक कुणाचं? : सीमाभागातल्या इंटरनेटवाल्यांना खुले पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात केबलचं आणि फायबरचं इंटरनेट चालवणाऱ्या सर्व मालक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

अलीकडे तुमच्यापैकी कुणीही भेटलं की गप्पा फिरून फिरून एकाच विषयावर येतात. मोठ्या कंपनीचा माणूस येऊन गेला, ‘पार्टनर’ व्हा म्हणतोय, नाहीतर पर कनेक्शन एवढे देतो, नेटवर्क विकून मोकळे व्हा म्हणतोय. काहींनी सह्या केल्यात, काही करायच्या बेतात आहेत. हा तुमचा धंदा आहे, त्यात नाक खुपसायचा मला अधिकार नाही. पण बेळगावच्या शहापुरात मी बरीच वर्षं सायबर कॅफे चालवला आणि एकामागून एक कंपन्या येताना-जाताना काउंटरच्या आतून बघितल्या. त्यातल्या पहिल्या कंपनीची, म्हणजे व्हीएसएनएलची गोष्ट सही करण्याआधी ऐकून घ्या. तुमच्यातले निम्मे तेव्हा चड्डीत होते, म्हणून सविस्तर सांगतो.

व्हीएसएनएल म्हणजे विदेश संचार निगम ही सरकारी कंपनी. ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस नावाचं जुनं खातं होतं, त्याची १ एप्रिल १९८६ला कंपनी झाली. परदेशात जाणारे-येणारे फोन, टेलेक्स, तारा हा तिचा धंदा, आणि त्यात दुसरं कुणी नाही. नारायणगावजवळ आर्वीला १९७१ साली उभारलेलं उपग्रह केंद्र पुढे तिच्याकडेच आलं. मुंबईत फोर्टला तिचं विदेश संचार भवन. या कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ला सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं. त्याआधी देशात इंटरनेट नव्हतं असं नाही, आयआयटीसारख्या संस्थांना अर्नेट या शिक्षणसंस्थांसाठीच्या सरकारी जाळ्यावरून मिळत होतं. पैसे मोजून घरी घेता येऊ लागलं ते या दिवसापासून.

घरी म्हणजे कुणाच्या घरी, ते दर बघितले की कळतं. वेग ९.६ केबीपीएस आणि २५० तासांचे पैसे हजारांत. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं खातं होतं, पण त्यात चित्रं दिसायची नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. सुरुवातीचे दिवस तर बोंबच होती. मोडेम कमी, लाइनी कमी, लावावं तेव्हा एंगेज. तेव्हाचे अध्यक्ष बी. के. सिंगल यांनी गोंधळ झाल्याचं उघड कबूल केलं होतं. सरकारी कंपनीत हे विशेषच म्हणायचं. तरीसुद्धा पहिल्या सहा महिन्यांत दहा हजार ग्राहक झाले. दुसरं दुकानच नव्हतं, लोक जाणार कुठं?

आता ही कंपनी नेमकी कशावर उभी होती ते बघा. घरापर्यंत येणारी तांब्याची तार टेलिफोन खात्याची. खांब खात्याचा, एक्स्चेंज खात्याचं, लाइन बंद पडली तर सायकलवरून येणारा लाइनमन खात्याचा, फोनचं बिल खात्याचं. व्हीएसएनएलच्या हातात होतं ते देशाबाहेर जाणारं दार. कोगनोळीच्या नाक्यावर बसलेल्या माणसासारखं. रस्ता त्याचा नाही, गाडी त्याची नाही, आतला माल त्याचा नाही, पण जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यापुढे थांबावं लागतं. नाका आहे तोवर त्या खुर्चीला मान. शिवाय कमाई इंटरनेटची नव्हतीच. खरा पैसा परदेशी फोनचा, इंटरनेट हा जोडधंदा.

आपल्याकडून सुरुवातीला नेट लावायचं म्हणजे पुण्याला नाहीतर बंगळूरला एसटीडी. तासाभरात नेटपेक्षा फोनचं बिल जास्त. मग १७२नं सुरू होणारे नंबर आले, लोकल कॉलमध्ये काम भागायला लागलं आणि माझ्यासारख्यांनी दुकानं उघडली. व्हीटीयू, म्हणजे इंजिनिअरिंगची युनिव्हर्सिटी, १९९८ साली बेळगावात आली. पुढे निकाल नेटवर लागायला लागल्यावर त्या दिवशी दुकानाबाहेर चपलांचा ढीग असायचा आणि आत एका कॉम्प्युटरपुढे पाच-सहा डोकी. पण माझं रोजचं गिऱ्हाईक उद्यमबागेतल्या कारखान्यांतलं. एक फौंड्रीवाले काका पुण्याच्या पार्टीला ड्रॉइंग पाठवायला यायचे. आषाढात आपल्याकडे पाऊस कसा असतो ते सांगायला नको. जॉइंटमध्ये पाणी शिरलं की लाइनीत खरखर, आणि ५६ केबीपीएसच्या मोडेमवर वीसचा आकडा दिसला तरी बरं वाटायचं. दोन एमबीची फाइल. निळी पट्टी सरकत सरकत टोकाला आलेली, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावर आमच्या आईनं जोडफोनचा रिसीव्हर उचलला की गेली लाइन. काका कपाळाला हात लावायचे. “काय ओ, लागंना काय?” पुन्हा डायल, पुन्हा मोडेमचं किंचाळणं, पुन्हा शून्यापासून.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की त्या वेळी काका चिडायचे कुणावर? माझ्यावर. माझ्यानंतर लाइनमनवर. व्हीएसएनएलवर चिडल्याचं मला आठवत नाही, कारण ती कंपनी त्यांनी कधी बघितलीच नव्हती. इंटरनेटच्या तासांचं पाकीट विकत मिळायचं त्यावर नाव होतं, तेवढीच ओळख. आणि जिच्यावर कुणी चिडत नाही तिला सोडून जाताना कुणाला वाईटही वाटत नाही.

नोव्हेंबर १९९८मध्ये सरकारनं खासगी कंपन्यांना परवानगी दिली. परवान्याची फी नावापुरती, कंपन्यांच्या संख्येला मर्यादा नाही. ए वर्गाचा परवाना देशभर, बी वर्गाचा एका टेलिकॉम सर्कलपुरता, म्हणजे साधारण राज्यापुरता, सी वर्गाचा एका एसएसएपुरता, म्हणजे साधारण जिल्ह्यापुरता. तुमच्यातल्या कित्येकांची चूल या सी वर्गावर पेटते. त्याच्याकडे पुढे येतोच.

पहिल्या खासगी कंपन्यांत चेन्नईची सत्यम इन्फोवे. तिनं काय धडाका लावला होता! ऑक्टोबर १९९९मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅकवर नोंदणी, पुढच्याच महिन्यात राजेश जैन यांची इंडियावर्ल्ड ४९९ कोटींना घेतल्याची बातमी. त्या दिवशी माझ्या दुकानात दुसरा विषय नव्हता. चार वेबसाइटींना एवढे पैसे कोण देतं, असं म्हणत जो तो स्वतःची वेबसाइट काढायला निघाला होता. मंत्रा ऑनलाइन आली, डिशनेट आली. कोलकात्याच्या कॅलटायगरनं तर २००० साली फुकट इंटरनेट दिलं, जाहिरातींवर भागवू म्हणाले. भागलं नाही.

स्टेशनरीच्या दुकानात पाकिटं लटकायला लागली. आत एक सीडी आणि खरवडायचं कार्ड. तास संपले की नवं पाकीट, आणि ते ज्या कंपनीचं स्वस्त असेल तिचं. या भाऊगर्दीत गिऱ्हाइकाला जुन्या कंपनीशी बांधून ठेवणारी एकच गोष्ट उरली, ईमेलचा पत्ता. व्हिजिटिंग कार्डावर, लेटरहेडवर, बोर्डावर छापलेला व्हीएसएनएलचा पत्ता बदलावा लागू नये म्हणून माझ्या ओळखीचे कारखानदार महागातलं खातं पुढे कितीतरी दिवस चालवत राहिले. फुकटचे ईमेल सर्रास झाले तशी तीही गाठ सुटली.

मग नाकाच उठला. फेब्रुवारी २००२मध्ये सरकारनं व्हीएसएनएलमधला २५ टक्के हिस्सा टाटांना १,४३९ कोटींना विकला आणि कारभार त्यांच्या हाती गेला. परदेशी फोनची मक्तेदारी २००४पर्यंत चालायची होती, ती दोन वर्षं आधीच, १ एप्रिल २००२ला संपवली. त्याच दिवसापासून इंटरनेटवरून परदेशी फोन करायलाही परवानगी मिळाली. ज्या जोडधंद्याकडे कंपनीनं फारसं लक्ष दिलं नव्हतं त्यानंच मूळ धंदा खायला सुरुवात केली.

इथं एक गैरसमज दूर करतो. व्हीएसएनएल बुडाली नाही. २००४ साली तिनं डिशनेटचा इंटरनेटचा धंदा २७० कोटींना घेतला, मग टायकोचं समुद्राखालच्या केबलचं जाळं, मग टेलिग्लोब. २००८ला नाव बदलून टाटा कम्युनिकेशन्स झालं आणि जगातल्या मोठ्या केबलवाल्यांत तिची गणना होते. सत्यम इन्फोवेचंही तसंच. तिची मूळ मालक सत्यम कॉम्प्युटर २००९ला गाळात गेली तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांनी या कंपनीलाही श्रद्धांजली वाहून टाकली. पण सत्यमनं तिच्यातला हिस्सा २००५लाच विकला होता. सिफी नावानं ती आजही आहे, डेटा सेंटरचं आणि मोठ्या कंपन्यांना जोडण्या देण्याचं काम करते.

म्हणजे दोन्ही जगल्या. पण कशा जगल्या? घरगुती गिऱ्हाईक सोडून. तुमच्या-माझ्या घरातल्या जोडणीत मिळकत कमी आणि कटकट फार, हे हिशेबात दिसलं तशा त्या हळूहळू बाजूला झाल्या. यात पाप काही नाही, कंपनीनं असंच वागायचं असतं. मात्र आज तुमच्या दारात उभ्या असलेल्या कंपनीलाही हाच हिशेब येतो. भागीदार कंपनीनं पाच वर्षांनी घरगुती जोडण्यांचं गणित परत मांडलं, आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यातले ग्राहक त्यात परवडेनासे झाले, तर त्या गणितात तुम्हाला कोण विचारणार आहे?

तुम्ही म्हणाल, आमची गोष्ट वेगळी. फायबर आमची आहे, हेस्कॉमच्या विजेच्या खांबांवरून आम्ही ती स्वतः ओढली आहे. बरोबर. पण तार हातात असून काय होतं, हेही आपण बघितलंय. बीएसएनएलकडे गावोगावी तार होती. १४ जानेवारी २००५ला त्यांनी डेटावन ब्रॉडबँड आणलं, २५६ केबीपीएस, फोन चालू ठेवून नेट. माझ्या धंद्याची उतरण तिथून सुरू झाली, तरी मी म्हणेन की तेवढ्या पैशात तेवढं चांगलं काही आपल्या भागानं तोवर बघितलं नव्हतं. पाचशेच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ अमर्याद. इंजिनिअरिंगची पोरं गजर लावून उठायची आणि डाउनलोड लावून परत झोपायची. मग मोबाइल आला, ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं, घरातले फोन काढून टाकायला लोक रांगेत उभे राहिले. २०१९च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत बीएसएनएलच्या ७८ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांनी अर्ज केले आणि जानेवारी २०२०च्या अखेरीस ते एकदम घरी गेले. कुठल्या गल्लीतली तार कुठल्या पिलरमधून येते हे डोक्यात असलेली माणसं होती ती. दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला, सगळ्यांना घरून काम, घरून शाळा, आणि तेव्हा शिडी खांद्यावर टाकून आलं कोण? तुम्ही. ती पोकळी तुम्ही भरलीत म्हणून आज तुमच्याकडे एवढ्या जोडण्या आहेत. आता बीएसएनएलसुद्धा घरापर्यंतचं फायबर स्थानिक केबलवाल्यांकडून, मिळकतीत वाटा देऊन चालवतं.

तेव्हा तार आणि तार जोडणारा माणूस, दोन्ही तुमच्याकडे आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक, आणि नेमकी तीच तुम्ही कागदावर देऊन टाकताय.

पार्टनरशिपचं ॲग्रीमेंट नीट वाचलंय का? अशा करारांत बहुधा ग्राहकाची केवायसी कंपनीच्या नावानं होते, बिल कंपनीच्या ॲपवर येतं, राउटरवर शिक्का कंपनीचा. तुमचं काम स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेली फायबर जोडणं, तक्रारीला धावणं आणि महिन्याला वाटा घेणं. उद्या करार संपला तर गिऱ्हाईक कंपनीचं राहतं आणि काही करारांत तर ठरावीक काळ तुम्ही त्याच भागात दुसऱ्या कुणाची जोडणी द्यायची नाही अशी अट असते. ज्याचं लग्न तुमच्या मंडपात लागलं, ज्याच्या टीव्हीचं डिश तुमच्या वडिलांनी बसवलं, त्याच्या दारात जायला तुम्हाला बंदी! वाटा किती टक्के, याच्यावर तुम्ही तासभर घासाघीस करता. त्याआधी बिलावर नाव कुणाचं, याच्यावर करा. कंपनीकडून घाऊक बँडविड्थ घ्या, अवश्य घ्या, पण किरकोळ गिऱ्हाईक आपल्या परवान्यावर ठेवा.

सुटे सुटे गेलात तर घाऊक दर परवडत नाही, हे मला कळतं. पतसंस्था आणि सोसायट्या चालवण्यात आपला भाग कुणाला हार जाणारा नाही. मग दहा-पंधरा जणांनी मिळून एकत्र लिंक का घेऊ नये? एक कोल्हापूर-पुण्याकडून, एक हुबळीकडून. रस्त्याच्या कामात एका बाजूची केबल जेसीबीनं उचकटली तरी दुसऱ्या बाजूनं गाव चालू राहील. आज बेळगावच्या टिळकवाडीत एका ऑपरेटरच्या गिऱ्हाइकानं शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या ऑपरेटरच्या गिऱ्हाइकाला काही पाठवलं, तर ते मुंबईला नाहीतर बंगळूरला जाऊन परत येतं. देशातली इंटरनेटची वाहतूक देशातच वळावी म्हणून २००३मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली. तोच विचार गावापुरता करायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. एका खोलीत सगळ्यांच्या तारा जोडणारा एक नेटवर्क स्विच आणि चौघांचं एकमत एवढंच लागतं. (स्विच मिळेल.)

निपाणीच्या मंडळींची अडचण वेगळी आहे. सी वर्गाच्या परवान्यावर निपाणीत जोडणी देता येते, तिथून वीसेक किलोमीटरवरच्या कागलला नाही, कारण निपाणी कर्नाटक सर्कलमध्ये, कागल महाराष्ट्र सर्कलमध्ये. मुलगी दिली कागलला, दुकान निपाणीत, पण केबलनं हद्द ओलांडायची नाही. सीमेचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि हे पत्र त्याच्याबद्दल नाही. मात्र पलीकडे कागल-गडहिंग्लजमध्येही तुमच्यासारखेच सी वर्गवाले आहेत, त्यांच्याही दारात हेच कंपनीवाले बसलेत. आपापल्या परवान्यात राहून घाऊक लिंक एकत्र घेता येईल का, हे जाणकार वकिलाला विचारा. पैसे जातील, पण एका सहीत जे जाणार आहे त्यापेक्षा कमी.

खानापूरकरांना मात्र मी वेगळं सांगतो. कणकुंबी, जांबोटी, पुढे भीमगडच्या जंगलातली गवाळी, कृष्णापूर, आमगाव. या बाजूला पावसाळ्यात फांदी पडली की वायर गेली, आणि एका गावात दहा-बारा घरं. कुठल्याच कंपनीच्या तक्त्यात ही गावं बसणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर तुमच्याही बसत नाहीत. इथं सरकारी पैसाच लागतो. पंचायतीपर्यंत फायबर नेण्याची भारतनेटची योजना २०११पासून वेगवेगळ्या नावांनी चालू आहे. ऑगस्ट २०२३मध्ये तिच्या पुढच्या टप्प्याला १.३९ लाख कोटी मंजूर झाले आणि पंचायतीपासून घरापर्यंतची जोडणी स्थानिक उद्योजकांकडून करून घ्यायची असं त्यात ठरलंय. तो स्थानिक उद्योजक कोण असावा? मला तर तुमच्याशिवाय कुणी दिसत नाही. बाहेरचा कुणी कागदोपत्री नाव लावून जाण्याआधी पंचायतीत जाऊन चौकशी करा. तिथल्या गिऱ्हाइकाला एसएमएस मराठीत पाठवा, कन्नड घर असेल तर कन्नडमध्ये. ‘तुमचा डेटा कोटा ऐंशी टक्के वापरला गेला आहे’ हे इंग्रजीत वाचून घाबरलेली म्हातारी मी बघितली आहे. तिला वाटलं बँकेतनं पैसे गेले.

आणि ज्यांचा विकायचा विचार पक्का झालाय त्यांना एकच विनंती. दोन महिने आधी गिऱ्हाइकाला सांगा. रविवारी झोपताना एका नावाचं नेट आणि सोमवारी उठल्यावर दुसऱ्याच नावाचं, प्लॅन बदललेला, तक्रारीचा नंबर कुठल्या तरी कॉल सेंटरचा, असं करू नका. घेतलेली अनामत, भरलेले वर्षाचे पैसे यांचा हिशेब लिहून द्या.

गणपतीआधी एक बैठक ठरवा. निपाणीकरांना आणि खानापूरकरांना बेळगाव मधोमध पडतं. जागा लागली तर माझं जुनं दुकान रिकामंच आहे, खुर्च्या सायबर कॅफेच्याच आहेत, थोड्या डुगडुगतात. येताना ते ॲग्रीमेंट घेऊन या, शेवटच्या पानांसकट. करार मोडल्यावर काय होणार ते कलम बहुधा तिथंच असतं.

आपला,
शहापूरचा एक जुना सायबर कॅफेवाला
(सध्या तुमच्यापैकीच एकाचं गिऱ्हाईक)